शेवंतीवरचा दिवा

"हा बघा, आबा. हा जमिनीत खोचायचा," भूषण म्हणाला. "वायर दिसतसुद्धा नाही."

सुकदेव आबांनी दिव्याकडे पाहिलं नाही. ते मुलाच्या बुटाकडे पाहत होते. बूट शेवंतीच्या वाफ्यात होता.

"पाय काढ आधी."

भूषणने पाय काढला. दुकानदार मोईजने पायरीवर नमुन्याचे दिवे मांडले होते. अंधार पडायला लागला की एकेक लावून दाखवायचा, पसंत पडेल तो तिथेच बसवून जायचा, असं ठरलं होतं. फाटकाचा दिवा आणि पायवाटेचे गुडघ्याएवढे खांब सुनेने, डिंपलने, कालच दुकानात जाऊन नक्की केले होते. कोपऱ्यातला हा एक राहिला होता. तो भूषणला स्वतः निवडायचा होता.

मोईजने वायर जोडली. पांढरा झोत वाफ्यावर पडला. पान न् पान दिसायला लागलं.

"पिवळसर पण आहे, साहेब. फुलावर तो खुलतो. रंग बदलणारा पाहिजे असेल तर रिमोटवाला देतो."

"पिवळसरच द्या," भूषण म्हणाला. "आबा, मार्गशीर्षात आईचं वर्षश्राद्ध. सगळे नातेवाईक येतील. आईची शेवंती त्यांना दिसली पाहिजे."

"दिसायला आधी फूल आलं पाहिजे. रात्रभर दिवा राहिला तर शेवंती कळी धरत नाही. तिला अंधार लागतो."

"हे कोणी सांगितलं?"

"गावी शाळेच्या दिव्याच्या खांबाखाली लावली होती तुझ्या आईने. तीन वर्षं नुसता पाला."

डिंपल हसली. "आबा, लोक आता खोलीत लाइट लावून भाज्या वाढवतात. मी व्हिडिओ दाखवते तुम्हाला."

"पाला वाढतो. मी तेच म्हणतोय."

"आबांचं खोटं नाही, साहेब," मोईज हळूच म्हणाला. "आमची फुलशेतीवाली गिऱ्हाइकं पण हेच सांगतात."

"तुम्ही दिवे विकायला आलात की शेती शिकवायला?" भूषण म्हणाला.

मोईज वायरचा गुंता सोडवायला लागला.

आश्विन चालू होता. कळी धरायचे हेच दिवस. भूषणच्या आईने, भिकूबाईने, ही रोपं शिंदखेड्याहून ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून जळगावला आणली होती. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोला बाजारचा हार घालायचा नाही, या शेवंतीच्याच फुलांचा घालायचा, हे आबांनी मनाशी ठरवलं होतं. ते कोणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही.

"दुसरीकडे लाव," ते म्हणाले. "भिंतीवर लाव. नाहीतर लावूच नको."

"तुम्हाला सगळंच नको असतं. फरशी नको, नळ नको, बाकडं नको. बाग म्हणजे काय फक्त तुमचीच आहे का?"

"माझं काय आहे इथं?" राग आला की आबांच्या तोंडी गावची बोली यायची. "बठ्ठं तुमनंच शे."

"सगळं आमचंच! झालं सुरू," डिंपल म्हणाली.

"मी हे आईसाठी करतोय, आबा."

"तिच्यासाठी?" आबा आता पहिल्यांदा मुलाच्या तोंडाकडे पाहून बोलले. "अकरा दिवस तिच्या डोळ्यांवर दिवा होता. भूषण, मालव रे तो, म्हणत होती. तोंडावर चादर घेतली तर तीही नर्सने काढली."

"आयसीयू होतं ते. तिथं दिवे मालवत नाहीत."

"मग हे पण आयसीयू आहे का?"

शेजारच्या गच्चीवर कोणीतरी दोरीवरचे कपडे काढत होतं. तेही थांबलं.

भूषणचा आवाज एकदम खाली आला. "मोईजभाई, बसवून टाका. टायमर लावा."

"किती वाजेपर्यंत?"

"दहापर्यंत पुरे," डिंपल म्हणाली.

"सकाळी सहापर्यंत," भूषण म्हणाला.

आबा घरात गेले. चप्पल बाहेर काढली नाही, तसेच आत गेले. "आता जेवणार नाहीत," डिंपल पुटपुटली. मोईजने दिव्याची टोकदार सळई मातीत दाबली, वाकून झोत नीट केला आणि पँटला हात पुसले.

आबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात टोमॅटोच्या आधाराच्या चार काठ्या होत्या आणि काखेत काळी साडी. गेल्या वर्षी डिंपलने संक्रांतीसाठी सासूला आणि स्वतःला सारख्याच दोन चंद्रकळा घेतल्या होत्या. संक्रांत यायच्या महिनाभर आधी भिकूबाई गेली. ही तिची.

त्यांनी वाफ्याच्या चार कोपऱ्यांना काठ्या रोवल्या. मग साडी उलगडली. आतला पुठ्ठा मातीत पडला. उजेड आरपार जाऊ नये म्हणून त्यांनी साडी दुहेरी, मग चौपदरी केली, काठ्यांवर पसरली आणि चारी बाजूंनी खाली सोडून दगड ठेवले. गुडघे धरून उठायला त्यांना वेळ लागला. भूषण दोन पावलांवर होता. त्याने हात दिला नाही, आबांनी मागितला नाही.

"आबा, ती मी आणलेली साडी आहे," डिंपल म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

"हो. तिची घडी मोडायची राहिली होती."

"उद्या हे काढायचं," भूषण म्हणाला.

"सकाळी सहाला काढीन. संध्याकाळी परत घालीन."

मोईजने पिशवीची चेन लावली. "साहेब, दिवा राहू देऊ की काढू?"

"राहू द्या."

दिवा तसाच चालू राहिला. काळ्या साडीवरचे जरीचे ठिपके एकेक करून चमकायला लागले. साऱ्या बागेत तेवढंच दिसत होतं.