न मागितलेली उचल

मोबाईलवर संदेश आला तेव्हा शिवकन्या भाकरी थापत होती. भागवतने तो वाचला, पुन्हा वाचला आणि ओठांशी नेलेला तांब्या तसाच खाली ठेवला.

"काय झालं?" तिने विचारले.

"खात्यावर पैसे आलेत."

"कुणी टाकले?"

"नाव वळखीचं न्हाई. लांबलचक विंग्रजी कायतरी हाय."

शिवकन्येचा हात परातीतच थांबला. शिरूर कासारच्या त्या परिसरात कामाआधी पैसा एकाच वाटेने येतो. ऊसतोडीचा मुकादम हंगामापूर्वी जोडप्याच्या हाती रक्कम ठेवतो; तिला उचल म्हणतात. ती घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता होतात, आणि कोयत्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

"धुळाजीच असंल," ती हलकेच म्हणाली. "आपल्या खात्याचा लंबर त्याच्यापाशी हायच की."

धुळाजी हा त्यांचा जुना मुकादम. मागच्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढताना शिवकन्येचा गर्भ गेला. त्या दिवशी ती उठू शकली नाही, म्हणून धुळाजीने खाडा धरून पैसे कापले होते. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. सातवा महिना लागला होता. नांदूरघाटच्या डॉक्टरीणबाईंनी तिला ओझे उचलण्याची सक्त मनाई केली होती. तिथेच माहेरी महिनाभर विश्रांती घेऊन दोघे कालच परतली होती. यंदा तोडीला जायचे नाही, असे वचन भागवतने सासूला दिले होते.

"परत धाडता येत न्हाईत का पैसे?"

"कुणाला धाडायचे? त्यो म्हणंल, आले ते आले. आता निघा."

एवढ्यात वरच्या रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. त्यांचे घर वस्तीपासून तुटक, नदीच्या अंगाला होते. भागवत धावत बांधावर चढला.

दृश्य त्याच्या पूर्ण परिचयाचे होते. गाठोडी, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्यांची डालगी, शेळ्या, लेकरे. सारी वस्ती ट्रकमध्ये चढत होती. पुढे एक पांढरी जीप उभी होती. आकाश निरभ्र होते. दसरा अजून दूर होता. इतक्या लवकर टोळ्या कधी निघाल्याचे त्याला आठवेना.

शेजारचा सटवा ट्रकच्या फाळक्यावरून ओरडला, "काय बे भागवत! पैसे आले न्हाईत का तुला?"

"आलेत! पण मी मागितले न्हवते!"

"मागाय लागतंय व्हय? समद्यांनाच आलेत. नव्या नवरीवानी लाजतो कावून? चल, बस!"

"म्हाताऱ्या बायडामावशीला बी नेता? ती काय कामाची?"

"ऐकलं का मावशे, तू काय कामाची म्हणतोय!" ट्रकमध्ये हशा पिकला. "आरं, तिलाच आदुगर बसवलं बाईंनी. कुणालाच मागं ठेवायचं न्हाई म्हणल्या. तुझ्या मालकिणीचं बी इचारत होत्या. पोटुशी हाय ना, म्हणून तुमच्यासाठी जीप येतीय खाली."

"कोण बाई?"

उत्तर येण्याआधी ट्रक हलला. सटवाचे शब्द इंजिनाच्या घरघरीत विरून गेले.

भागवत धावतच घरी आला. "समदी टोळी निघाली. म्हातारी सुदिक. तुझ्यासाठी जीप धाडतायत. गोड बोलाया बाई आणलीय संगं."

"मी पोटुशी हाय, हे ठावं असून?"

"ठावं हाय म्हणूनच जीप."

शिवकन्येने चूल विझवली. तिने पोटावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "एक लेकरू उसाला दिलं. हे देणार न्हाई. जीप जिथं पोचत न्हाई, तिथं चला."

त्यांनी दाराला कुलूप लावले. नदीच्या मधोमध बाभळींनी गच्च भरलेले एक बेट होते. दुपारच्या वेळी मेंढपाळ तिथे विसावत. पाणी घोट्याला जेमतेम भिजवत होते. भागवतने तिचा दंड घट्ट धरून एकेक पाऊल टाकत तिला पलीकडे नेले.

"लग्नात बी एवढं जपून धरलं न्हवतं," ती म्हणाली.

"गप. ऐकू जाईल."

बाभळींच्या आड ती दोघे दबून बसली. जीप उतारावरून घरापाशी आली. हॉर्न वाजला. दाराची कडी वाजली. मग एका स्त्रीची हाक आली, "शिवकन्याताई! अहो, आहात का घरात?"

शिवकन्येने पदर तोंडात धरला. हाक पुन्हा आली, मग तिसऱ्यांदा.

"आवाज लई मायाळू हाय," ती कुजबुजली.

"उचल देताना धुळाजीचा बी असतो."

काही वेळाने जीप वळली आणि धुरळा उडवीत चढाला लागली. शिवकन्येने दीर्घ श्वास सोडला. पोटातल्या बाळाने हालचाल केली. तिने नवऱ्याचा हात ओढून तिथे ठेवला. त्या दिवशी प्रथमच भागवतच्या मुद्रेवर हसू आले.

"वाचलो," तो म्हणाला.

जीपमध्ये, दारात हाका मारून परतलेली रोहिणी आपल्या मदतसंस्थेच्या वरिष्ठांशी फोनवर बोलत होती. "हो सर, शेवटचं घरसुद्धा रिकामं आहे, कुलूप लावून गेलेत. पूर यायच्या आधीच पैसे हातात पडले की माणसं आपणहून सुरक्षित जागी जातात, हे आज डोळ्यांनी पाहिलं. वरच्या डोंगरात रात्रीपासून कोसळतोय ना? मग धरणावर कळवून टाका, नदीकाठी आता कुणीही उरलेलं नाही. म्हणावं, खुशाल दरवाजे उघडा."