दोन जिन्यांचं घर

परीक्षक आले की आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाच्या भल्याभल्यांची बोबडी वळते, पण वर्गातली ही बडबडी मुलगी मात्र खुशीत होती. ‘स्वतःच्या कुटुंबासाठी घर’ हा विषय होता आणि तिचं पुठ्ठ्याचं मॉडेल अख्ख्या वर्गात उजवं झालं होतं.

परीक्षकांनी छप्पर अलगद उचललं आणि आत डोकावून पाहिलं. “काय गं, घर आहे की लॉज? माणसं तीन, आणि दारं दोन, जिने दोन, स्वयंपाकघरंसुद्धा दोन?”

वर्ग खो खो हसला. तीही हसली. “मधली खोली माझी आहे, सर. तिथून दोन्हीकडे जाता येतं.”

“ते ठीक, पण एवढ्याशा घरात हा पसारा कशाला? एक बाजू काढून टाक, बघ कसं सुटसुटीत होतं.” त्यांनी टेबलावरचा कटर तिच्या हातात दिला.

तिनं कटर एका जिन्याला लावला, मग दुसऱ्याला. हात काही पुढे जाईना.

“अगं, पुठ्ठाच तर आहे. काप कुठलीही.”

“तुम्हीच सांगा ना, सर,” ती पुटपुटली. “ही बाजू आईची आहे आणि ती बाबांची. घरीसुद्धा दोघं हेच म्हणतायत, एक काय ते ठरव.”