कानावर येण्याआधी

चैतराम सायकलवरून उतरला, डोक्याचा दुपट्टा सोडून त्यानं घाम पुसला, आणि मैनाबाईच्या हातातला तांब्याच खाली पडला. त्याचं डोकं गुळगुळीत भादरलेलं होतं.

"वैनी," तो धापा टाकत म्हणाला, "काकाजी..."

"चूप! एक शब्द बोलू नको."

तिनं त्याला दंडाला धरून मागच्या कोठ्यात नेलं. शालिकराम, तिचा नवरा, विहिरीवर अंघोळीला गेला होता. त्यानं पाहिलं नाही, हे नशीबच म्हणायचं.

चैतराम खैरलांजीहून आला होता, म्हणजे काकाजींकडून. पोरक्या शालिकरामाला ज्यांनी वाढवलं ते हे काकाजी. स्वतःचं मूलबाळ नाही. चैतराम त्यांचा गडी, पण पोरासारखाच. पोळ्यानंतर काकाजींना लकवा मारला, जीभ लुळी पडली, तेव्हापासून म्हातारा खाटेवर होता. आता हे डोकं पाहिल्यावर विचारायचं काय उरलं? रात्रीच गेले असतील. चैतराम अग्नी देऊनच आला असणार.

मैनाबाईला हुंदका फुटला, पण तिनं तो पदरात कोंबला. सुतक लागतं ते ऐकल्यावर. कानावर आलं की लागलं. नाही आलं तोवर माणूस मोकळा. आणि आज टिकारामकडून विकत घ्यायच्या घराची रजिस्ट्री होती.

"पर वैनी, कचेरीत जायच्या आंदीच सांगा लागते!"

"वापस आल्यावर सांग. जेव तू."

"वैनी, ऐका तं..."

तिनं दोन्ही कानांवर हात दाबले. मग त्याच्यापुढं भात आणि आंबाडीची भाजी ठेवली आणि बाहेरून कडी घातली. चैतराम बिचारा सांगितलेलं ऐकणारा. जेवायला बसला.

तिचंही बरोबरच होतं. शालिकराम म्हणजे सोवळ्याचा पुतळा. सुतकात त्यानं स्टँपाच्या कागदाला बोटही लावलं नसतं. दहा दिवस गेले की घरही गेलं. टिकारामनं दम भरला होता, "आजच्या आज होत असन तं करा. दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राह्यलं, तं मंग माह्या हातात काही नाही."

अकरा वर्षं त्यांनी रुख्माबाईच्या भाड्याच्या खोल्यांत काढली होती. भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकिणीला विचारावं लागे. टिकारामचं घर लहान, पण ओसरी होती, पेरूचं झाड होतं. त्यासाठी मैनाबाईनं अंगावरचं सगळं सोनं मोडलं होतं, उरलं ते काळ्या मण्यांचं मंगळसूत्र.

आणि काकाजींनाही हेच हवं होतं ना! पोळ्याच्या आधी बाजाराला आले तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून, मिशीत हसून म्हणाले होते, "पोरी, औंदाची दिवाळी तू आपल्या घरात करशीन." म्हाताऱ्याचा शब्द ती खाली पडू देणार नव्हती. माफ करा काकाजी, ती मनात म्हणाली, आणि नवऱ्याला धुतलेलं धोतर काढून दिलं.

टिकाराम कचेरीसमोरच्या लिंबाखाली उभा होता. शेजारी ट्रंक आणि वळकटी. रजिस्ट्री झाली की तसाच रायपूरला पोरीकडे निघणार होता. नेहमीसारखं त्यानं आधी तेच विचारलं.

"काकाजीची तब्येत कशी हाय?"

शालिकरामानं तोंड उघडायच्या आत मैनाबाई म्हणाली, "तशीच. बोलणं नाही, चालणं नाही."

"अरेरे, राम राम," टिकाराम म्हणाला, आणि त्याच्या कपाळावरची आठी गेली. यालाही आमच्या सुतकाचीच धास्ती, मैनाबाईला वाटलं.

बाबूनं कागद वाचला. सह्या झाल्या, अंगठे झाले. टिकारामनं पैसे कनवटीला लावले, किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि मोटार चुकेल म्हणून जवळजवळ पळतच गेला.

मैनाबाई मुद्दाम बाजारातून परतली. चौकात चिनी लढाईच्या गप्पा रंगल्या होत्या. तिनं मात्र आपली लढाई जिंकली होती. दारात रुख्माबाई दिसली तशी तिनं किल्ली तिच्या नाकासमोर वाजवली.

"आता खिळेच खिळे ठोकतो बाई. भिंतभर!"

रुख्माबाई वाटेतून बाजूला झाली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

मग मैनाबाईनं अंघोळीसाठी पाण्याची बादली भरून ठेवली, नवऱ्याला जवळ बोलावलं आणि कोठ्याची कडी काढली. चैतराम रिकाम्या ताटापुढं तसाच बसला होता. त्याचं डोकं पाहताच शालिकरामानं "काकाजी!" म्हणत कपाळावर हात मारला.

"आता सांग रे बाबा," मैनाबाई म्हणाली, आणि सकाळपासून दाबलेलं रडं एकदम बाहेर आलं.

चैतराम भांबावला. "रडता काहून वैनी? हे तं नवसाचं हाय. काल रामपायलीच्या देवळात केस देऊन आलो. काकाजी उठून बसले! बोलाले लागले!"

मैनाबाई रडता रडता हसायला लागली. तिनं हात जोडले. घरही आलं आणि माणूसही आला, एकाच दिवशी. देव द्यायला लागला की असा देतो!

शालिकरामानं डोळे पुसले. "मंग निरोप काय होता रे, बावळ्या?"

"काल सांजेले तुमच्या रजिस्ट्रीचं बोललो, तं काकाजीनं मले पहाटेच धाडलं. म्हणे, टिकारामले एक पैसा देऊ नका. ते घर काकाजीनं पोळ्याच्या आंदीच घेतलं, रजिस्ट्री करून. तुमाले दिवाळीले द्याचं होतं."