भिंतीचं विरजण

रत्नपेठेतल्या झगमगत्या दुकानांकडे केतकी पाहतच नव्हती. ती प्रत्येक इमारतीच्या भिंतीला गाल लावत चालली होती.

"हीसुद्धा गार, आत्या."

सुलभाआत्या इमारतींची डॉक्टर होती. चौकातल्या घड्याळमहालाच्या भिंतींतले जिवाणू मेले होते, म्हणून त्याच्या भेगा आता आपोआप बुजत नव्हत्या. पावसाळ्यापूर्वी जिवंत जिवाणूंचं ताजं विरजण मिळालं नाही, तर महाल पाडावा लागणार होता. पेठेतली प्रत्येक इमारत महालाच्याच विरजणावर वाढलेली. पण चकाकी यावी म्हणून सगळ्यांनी भिंतींना पॉलिश केलं आणि आतला जीव गुदमरला.

"मागच्या भिंतीला कुणी पॉलिश करतं का गं?" केतकीनं विचारलं.

आत्या थबकली. मग दोघी अत्तराच्या दुकानामागच्या बोळात शिरल्या. तिथे ऊन कधी पोचतच नसे. केतकीनं गाल टेकवला. भिंत मांजराच्या पोटासारखी उबदार होती.

"आत्या, ही जिवंत आहे!"

आवाज ऐकून दुकानाचे मालक मणियारशेठ बाहेर आले. "अहो बाई, गिऱ्हाइकं पुढून येतात!" पण सगळं कळल्यावर त्यांनी स्वतःच चांदीची वाटी आणून दिली. आत्यानं भिंतीचा चिमूटभर चुरा हलकेच त्यात खरवडून घेतला.

केतकी कुजबुजली, "पण यांची वाटी रिकामी कशी परत करायची?"

"रिकामी कशाला? महाल बरा झाला की त्याचंच विरजण घालून देऊ," आत्या म्हणाली. "शेठ, तोवर पुढच्या भिंतीचं पॉलिश तेवढं काढून ठेवा."