मुद्दाम घालवलेला तोल

“स्पर्धेत आपण नवशिक्यांच्या गटात आहोत, ध्यानात ठेव. वर गेलीस की जरा लटपट. फार सफाई दाखवलीस तर ओळखतील,” सर कानात कुजबुजले. राज्य पातळीवर चिअरलीडिंग करणाऱ्या शर्वाणीनं मान हलवली.

गाणं सुरू झालं. खालच्या चौघींनी तिला तळहातांवर उचललं. ती ताठ उभी राहिली आणि परीक्षक बाई तिच्याकडे रोखून बघू लागल्या. ओळखलं की काय? तिनं घाईघाईनं गुडघा वाकवला, तोल गेल्यासारखं केलं आणि स्वतःला सावरलं.

पहिला नंबर त्यांचाच आला. सगळ्या नाचत होत्या. शर्वाणीला उचलणाऱ्या चौघींमधली, सहावीतली कस्तुरी तेवढी कोपऱ्यात रडत होती.

“सॉरी ताई, माझाच हात हलला असणार. तुझा तोल कसा जाईल?”

तिच्या तळहातांवर शर्वाणीच्या बुटाची नक्षी लालभडक उमटली होती.