कडू दूध

सासूबाईंच्या दंडांवर निळे डाग उठले होते. डॉक्टरांनी विचारलं, "रक्त पातळ करायच्या गोळीसोबत झोपेची गोळी देत नाही ना? झोपेसाठी मिळतं ते मेलाटोनिनसुद्धा चालत नाही हं."

"नाही," सून पुटपुटली. सासूबाईंनी रात्रभर हाका मारू नयेत म्हणून ती स्वतःच झोपेची गोळी कुस्करून त्यांच्या दुधात घालत होती.

"तिला काय माहीत?" सासूबाई फणकारल्या. "मीच घेते, चोरून."

"या वयात चोरी, आजी?" डॉक्टर रागावले. सासूबाईंनी बोलणी खाल्ली.

बाहेर आल्यावर सून त्यांच्या पायांत चप्पल सरकवायला वाकली, ती वर बघेचना. तिच्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "दूध कडू लागायचं गं. पण मी ते प्यायले, की तुझा डोळा लागायचा."