रुखवताच्या कुरडया

अकोल्यात पारा एकोणपन्नासावर गेला होता आणि सुलभाताई घरात शाल पांघरून बसल्या होत्या. गच्चीला दिलेला नवा पांढरा रंग ऊन आल्या वाटेनं आभाळात परतवायचा. घर कसं माठासारखं गार! पण त्याच गार गच्चीवर लेकीच्या रुखवतासाठी घातलेल्या कुरडया तीन दिवस झाले तरी ओल्याच होत्या, आणि लग्न तोंडावर आलेलं.

"विकतच्या आणू," कावळे राखून खाली आलेले दिगंबरराव म्हणाले.

"विकतच्या? विहीणबाई जन्मभर नावं ठेवतील!" म्हणत सुलभाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं. दिवसभर गच्चीवर बाज टाकून छत्रीखाली बसूनही दिगंबररावांची हनुवटी भाजून लालबुंद झाली होती.

हसता हसता त्या थबकल्या. म्हणजे ऊन खालूनही लागतंय!

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याची बाज गच्चीच्या मधोमध ओढली, तिच्यावर जुनं विरलेलं लुगडं ताणून बांधलं आणि कुरडया मांडल्या. वरून ऊन, खालून ऊन. संध्याकाळी कुरडया खडखडीत!

"आता मी कुठं बसू?" हनुवटीला खोबरेल चोळत दिगंबररावांनी विचारलं.

"घरात. एवढ्या उन्हात कावळा तरी फिरकला का तुमच्याकडे?"

दिगंबररावांनी आठवून पाहिलं. एकही आला नव्हता.